दादांचा लेथ

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कर्जदारांची यंत्रे बहुतांशी कागदावरच पाहिली. यंत्रसामग्रीच्या रकान्यातील मूळ किंमत, वजा घसारा, बाकी शिल्लक, एवढ्यावरून मी यंत्राची योग्यता ठरवीत असे. आयकराच्या नियमांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर आज 15 टक्के घसारा ऱ्हासमान शेष पद्धतीने धरतात. त्या हिशेबाने 10,000 रुपयांचे यंत्र दहा वर्षांनी सुमारे 1,969 रुपयांचे आणि वीस वर्षांनी अवघ्या 388 रुपयांचे उरते. गंमत अशी की, या पद्धतीत किंमत शून्यावर मात्र कधीच येत नाही. हे गणित मी शेकडो वेळा मांडले. गेल्या वर्षी ते आमच्या घरच्याच एका यंत्राला लावण्याची वेळ आली.

चौक गावात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत आमचे घर आहे. घरामागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा, जुना लेथ. ट्रकच्या पिना, बुश, भातगिरण्यांचे शाफ्ट अशी कामे दादांनी त्यावर चाळीस वर्षे केली. कर्जत-खालापूरचा हा पट्टा भाताचा. त्यामुळे सुगीनंतर गिरणीवाल्यांची शेडपुढे रांग लागे. पुढे 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, ट्रक जुन्या रस्त्यावरून तिकडे वळले आणि काम आटले. त्या वेळी मीच दादांना म्हणालो होतो, “आता हे बंद करा. पुस्तकी किंमत काहीच उरलेली नाही.” दादा काही बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्याशी ते दुकानाचा विषय काढीनासे झाले. पुढे त्यांच्या हातांना कंप सुटला आणि शेडला कुलूप लागले.

गेल्या वर्षी पुतण्याने भंगारवाल्याशी बोलणे केले. अर्ध्या टनाहून अधिक बीड, किलोच्या भावाने. माझी संमती होतीच. दादा मात्र म्हणाले, “विकायचाच तर चालू करून विका. बंद मशिनला भाव नसतो, हे तुला बँकेत शिकवलं नाही का रे?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा विकण्यासाठी का होईना, दुरुस्ती करायचे ठरले. हात आमचे आणि डोळे दादांचे, अशी वाटणी झाली. खुर्ची टाकून ते शेडच्या दारात बसत.

लेथवर कातलेला एखादा तरी भाग नाही असे घर शोधूनही सापडणार नाही. पाण्याच्या पंपातील दांडा असो की शिलाई यंत्रातील चाती, गोल फिरणारा भाग बहुधा कुठे ना कुठे लेथवरच कातला जातो. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी सुमारे 1800 साली अचूक आटे पाडणारा लेथ घडवला आणि एकाच मापाचे स्क्रू वारंवार करता येऊ लागले. आपल्याकडे ही विद्या रुजवणाऱ्यांत किर्लोस्करांचे नाव अग्रभागी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकायला गेले होते. परंतु रंगांध असल्याचे ध्यानी आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. 1888 मध्ये बेळगावात बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलचे दुकान थाटले आणि 1910 मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर कंपनी 1941 ची. दादांचा लेथ तिथलाच. ती कंपनी आता राहिलेली नाही. म्हणजे सुटा भाग हवा तर जुन्या बाजारात शोधायचा, नाही तर स्वतः घडवायचा.

प्रथम झाडलोट. कोळी, पाली, मुंग्या यांनी दहा वर्षांत तिथे संसार मांडले होते. मऊ कुंचल्याने, सुपलीत घेऊन, सर्वांना सुखरूप बाहेर सोडण्यात दोन दिवस गेले. मग गंज. आपल्याकडील पावसाळ्यात थंड बिडावर दमट हवेचे पाणी धरते आणि तेलाचा हात फिरला नाही की गंज चढतो. सुटे भाग रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून पितळी ब्रशने घासले. मी बेडवर एमरी कागद घासू लागताच दादांनी थांबवले. एमरीचे कण फटींत घर करतात आणि पुढे बेडच झिजवतात, असे त्यांनी सांगितले. मोटर तशीच चालू करून पाहण्याचा मोहही त्यांनी होऊ दिला नाही. इलेक्ट्रिशियनकडून मेगर लावून घेतला, तेव्हा वाइंडिंगमध्ये दमटपणा निघाला. ते वाळवून, अर्थिंग नवे करूनच बटण दाबले.

लेथ फिरला, पण काम खरे येईना. चकमध्ये जाड दांडा धरला, त्यावर दीडशे मिलिमीटर अंतराने दोन कडी ठेवली आणि दोन्ही एकाच कापात कातली. मायक्रोमीटरने पाहिले तर व्यासांत 0.09 मिलिमीटरचा फरक. म्हणजे सरळ दांडा निमुळता निघत होता. मी म्हणालो, “दादा, बेड झिजला. वयच झालं त्याचं.” लेथचा बेड चकजवळ अधिक झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते, हे मी तोवर वाचून ठेवले होते.

दादांनी मान हलवली. “आधी पाणसळ लाव.”

गवंड्याची पाणसळ इथे उपयोगाची नाही. एका मीटरमागे 0.02 मिलिमीटरचा उतार दाखवणारी मशिनची पाणसळ पुतण्याने खोपोलीहून उसनी आणली. बेडच्या दोन टोकांना ती आडवी ठेवली, तर दोन्हीकडे बुडबुडा निरनिराळ्या जागी. बेड पिळलेला होता! छत गळून कोब्याखालची माती वाहून गेली होती, एका कोपऱ्यात जमीन खचली होती आणि लेथ आपल्याच वजनाने तिकडे पिळला गेला होता. झीज होतीच, पण थोडी. बाकी सारा दोष पायाचा होता.

मग छताचे पत्रे बदलले, कोबा फोडून पक्के काँक्रीट घातले. ते मुरायला अठ्ठावीस दिवस दिले. त्यानंतर लेथ बसवून पायांखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारीत, एकेक बोल्ट आवळीत, दोन्ही टोकांचा बुडबुडा एकाच जागी आणला. त्यात तीन दिवस गेले. पुन्हा दोन कडी कातली. फरक 0.02 मिलिमीटर. दादांनी ती बोटाने चाचपली आणि म्हणाले, “आता बोल, वय कोणाचं झालंय?”

शेड आवरताना फळीवर दादांची जुनी हिशेबाची वही मिळाली. सवयीने चाळू लागलो. भातगिरणी शाफ्ट, जमा. बुश चार नग, जमा. टूल, खर्च. आणि त्याच रकान्यात, दर सहामाहीला, दादांच्या हातची एक नोंद: “धाकट्याची फी.” एम. कॉम. होईपर्यंतच्या सगळ्या नोंदी होत्या. ज्या यंत्राची किंमत मी काहीच नाही म्हटली, त्याने मला बँकेच्या खुर्चीपर्यंत पोचवले होते. वही दादांपुढे धरली. म्हणालो, “दादा, तेव्हा मी बोललो ते चुकलं.” त्यांनी वही मिटली. “चष्मा पूस,” म्हणाले, “आणि बेडला तेल लाव. पाऊस येतोय.”

गिऱ्हाईक आले, भंगाराच्या तिप्पट किंमत देऊ म्हणाले. पुतण्यानेच त्यांना परत पाठवले. आता दर रविवारी तो आणि त्याचा मुलगा शेडमध्ये असतात. सैल बाह्या आणि हातमोजे नकोत, चकची चावी क्षणभरही चकमध्ये ठेवायची नाही, या दोन गोष्टी दादा त्या नातवाकडून रोज वदवून घेतात. गेल्या महिन्यात कर्जतच्या एका गिरणीचा बुश त्यांनी करून दिला. वहीत नवी जमा पडली आहे.

वाचकहो, आपल्याही घरी वडीलधाऱ्यांचे एखादे यंत्र असेल. त्याला भंगाराचा काटा लावण्यापूर्वी एकवार पाणसळ लावून पाहा. आणि ज्यांनी ते चालवले ते हयात असतील, तर खुर्ची दारात मांडून त्यांना जवळ बसवा.