न दिसणारी जखम

१९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरड केल्याचे न्यायालयाला पटले नाही. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

कायदा बदलला, समजूत बदलली काय?

अतीव भीतीच्या क्षणी माणूस ओरडतोच असे नाही. कधी अंग लाकडासारखे होते, वाचा बसते. पुढे सांगताना क्रम चुकतो; एखादा तपशील लख्ख आठवतो, तर बाकीचे पुसल्यासारखे होते. मानसशास्त्र आज हे सांगते. आपल्या भाषेत तर 'दातखीळ बसणे' हा शब्दप्रयोग पूर्वीपासूनच आहे! मग भाषेला जे ठाऊक, ते ठाण्यात आणि न्यायालयात का ठाऊक नसावे?

२०१२ च्या 'पोक्सो' कायद्याने पुष्कळ पुढचे पाऊल टाकले. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, तेव्हा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करावी. न्यायालयाने मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये. नियम उत्तम आहेत. परंतु प्रत्येक नियम एकेका व्यवसायाला सांगितलेला. मुलाला मात्र सर्वांच्या दारातून जावे लागते. शाळेत बाई विचारतात, ठाण्यात पोलीस, दवाखान्यात डॉक्टर, नंतर वकील. "तेव्हाच का नाही बोललीस?" हा एकच प्रश्न प्रत्येक जण सद्हेतूनेच विचारतो आणि तीच जखम पुन्हा उघडी करतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की या सर्वांचे शिक्षण एकत्र व्हावे. शिकायचे तरी काय? आपण कोण ते आधी सांगावे. पुढे काय होणार याची कल्पना द्यावी. हात लावण्यापूर्वी विचारावे. मध्येच थांबण्याची मुभा द्यावी. एकाने लिहून घेतलेले दुसऱ्याने विनाकारण पुन्हा विचारू नये.

कोणी म्हणेल, अशाने आरोपीवर अन्याय होईल. आरोपीचा उलटतपासणीचा हक्क अबाधित राहिलाच पाहिजे. पण घाबरलेल्या माणसाकडून सत्य अधिक मिळते, असे कोणता अनुभव सांगतो? दरडावून मिळते ते मौन, नाही तर होकार.

आपल्या महाविद्यालयातून उद्याचे शिक्षक, तलाठी, फौजदार आणि वकील बाहेर पडतील. मानसशास्त्र ज्यांचा विषय आहे, तेच एवढे शिकणार आणि बाकीचे पदवी घेऊन कोरडेच राहणार? प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला वर्षातून निदान चार तास हा विषय मिळावा. ज्याच्यासमोर उद्या एखादे भेदरलेले मूल उभे राहील, त्याने तो दिवस उजाडण्यापूर्वीच ऐकून घ्यायला शिकलेले असावे.