जागराला तरुण गळा हवा

घटस्थापना झाली की दक्षिण कोकणातील देवळांच्या रात्री जाग्या होतात. या जागराशी ज्यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे, त्या ठाकर समाजाच्या चित्रकथी गायकांचे नाव मात्र हल्ली देवळापेक्षा प्रदर्शनांतच अधिक ऐकू येते. ही गोष्ट आनंदाची की खेदाची, याचा विचार कणकवलीच्या रसिकांनी या दिवसांत करावयास हवा.

कणकवलीहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की कुडाळ ओलांडताच पिंगुळी लागते. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ही कला येथे वाढली. एका आख्यानाची एक पोथी. पोथी म्हणजे पाठीला पाठ लावून चिकटविलेली चित्रे. गणपती-सरस्वतीचे स्तवन होते आणि मुख्य गायक एकेक चित्र पुढे धरीत रामायण-महाभारतातील कथा गाऊ लागतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. हुडुकाची थाप चढली म्हणजे कागदावरचा रावण खरोखरच हलल्याचा भास होतो!

या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली. बालपणी घरातच गिरविलेली विद्या त्यांनी हलाखीच्या दिवसांतही टाकली नाही. गुरांच्या गोठ्यात २००६ साली संग्रहालय उभे केले. ‘ठाकर आदिवासी कला अंगण’ या नावाने ते आज सर्वदूर ठाऊक आहे. त्यांचे चिरंजीवही याच वाटेने चालले आहेत. हा गौरव योग्य स्थळी गेला, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु मानाच्या या प्रकाशात एक अंग अंधारातच राहिले आहे. चित्र विकत घेता येते, भिंतीवर लावता येते. जुन्या पोथ्यांची चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत, आणि ते उत्तमच झाले. पण चित्रकथीतील चित्र हे गाण्यासाठी आहे. ते मूळचे शोभेचे नव्हेच. कुंचल्याला आज गिऱ्हाईक आहे, वीणेला नाही. मग घरातील हुशार मुलाने हाती काय धरावे? पोटाचा हिशेब त्यालाही कळतो. दहा मिनिटांच्या ‘नमुन्या’साठी बोलावणी येतात, परंतु दहा मिनिटांत आख्यान उभे राहत नाही, आणि गायक तर त्याहून नाहीच. आवाज तापावयास, कथेत विसावा कोठे घ्यावा आणि श्रोत्याला कोठे हसवावे हे उमगावयास सबंध रात्र लागते. तीही एक नव्हे, अनेक.

रात्रभर बसावयास आज वेळ कोणाला, असे कोणी म्हणेल. दशावताराला पहाटेपर्यंत बसणाऱ्या आणि डबलबारीच्या भजनात बुवांची जुगलबंदी रंगली की घड्याळ विसरणाऱ्या या जिल्ह्यात तरी तो आक्षेप टिकू नये. तरुण भजनीबुवाचे नाव एका चतुर्थीत गावोगाव होते, ते त्याला श्रोते मिळतात म्हणून. चित्रकथीच्या तरुण गायकाला हेच हवे आहे.

आपल्या देवस्थान समित्या नवरात्रात विजेच्या रोषणाईवर आणि ध्वनिक्षेपकांवर हात सैल सोडतात. नऊ रात्रींपैकी एक रात्र त्यांनी पिंगुळीच्या एखाद्या विशीतल्या मुलासाठी राखावी, बिदागी आधी ठरवावी, आणि आख्यान अर्ध्यावर तोडू नये. पहिल्या वर्षी त्याचा सूर डळमळेलही. दुसऱ्या वर्षी त्यालाच पुन्हा बोलवावे.