किल्ली दादाकडे

वय वाढले म्हणजे घरही वाढते, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. प्रत्यक्षात वय वाढते आणि घर आखडते. गेल्या वर्षी आम्ही उभयता दोन खोल्यांत राहायला आलो. सामान लावताना हिने पत्र्याचा एक डबा माझ्यापुढे आदळला. "हे भंगारात घालू ना?"

आत पत्र्याचे रूळ होते आणि तीन डबे. इंजिन नव्हते. ते दादाकडे होते.

१९५८ च्या दिवाळीत वडिलांनी चोरबाजारातून ही किल्लीची आगगाडी आणली. गाडी हॉर्नबीची. मेकॅनो काढणाऱ्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये या गाड्या करायला घेतल्या. आमची युद्धापूर्वीची, म्हणजे तेव्हाही जुनीच! दादा मोठा, म्हणून किल्ली तो द्यायचा. मी डबे जोडायचे.

१९८९ साली वडील गेले आणि वाटण्या झाल्या. भांड्यांवरून नको ते बोलणे झाले. दादाने इंजिन आणि किल्ली उचलली. मी हट्टाने रूळ आणि डबे. पुढे लग्नकार्यांत भेटलो, चहा घेतला. पण गाडीचे नाव दोघांनीही काढले नाही.

डबा भंगारात गेला नाही. उलट मी एका संग्राहकाकडून तसलेच इंजिन विकत आणले. आता प्रश्न जागेचा. हिने शिवणाची टेप आणून हॉल मोजला. हॉर्नबीच्या मोठ्या रुळांची त्रिज्या दोन फूट. बारा तुकड्यांचे वर्तुळ सव्वाचार फूट जागा खाते. एक फूट त्रिज्येचे वर्तुळ मात्र सहा तुकड्यांत होते आणि सव्वादोन फुटांत मावते. मोठी इंजिने त्यावर वळत नाहीत. आमचे चार चाकांचे वळते. मधे दोन्ही बाजूंना एकेक सरळ रूळ घातला की लंबगोल. सतरंजीवर गाडी चालवू नये. तिचे तंतू दातेरी चाकांत अडकतात. म्हणून सुताराकडून प्लायवूडची फळी आणली. खेळ झाला की ती दिवाणाखाली सरकते.

सगळे जमले, फक्त नव्या इंजिनाला किल्ली नव्हती!

दोन दिवस मी टेलिफोनभोवती घुटमळलो. शेवटी हिनेच नंबर लावून दिला. "दादा, तुझ्याकडे ती किल्ली आहे का रे?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पाडव्याला येतो."

आला तो पंचात गुंडाळलेले इंजिन घेऊन. आम्ही ते सोडले आणि गप्पच झालो. चाके फुगून, चिरा जाऊन भुगा व्हायला आली होती. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला, तर वर्षानुवर्षे तो आतून असा खचत जातो. माझ्या इंजिनाची चाके कोणीतरी नवी बसवलेली, म्हणून ते वाचले.

"नुसते ठेवून दिले रे मी," दादा म्हणाला.

"मीही," मी म्हणालो.

किल्ली बसली. दादाने सवयीने ती घट्ट पिळली आणि नुसतेच इंजिन सोडले. पहिल्याच वळणावर ते उडाले आणि फ्रिजखाली गेले! अशा इंजिनाला मागे ओझे लागते. डबे नसले तर सारा जोर एकदम सुटतो आणि वळण सांभाळत नाही.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा दादा फळीजवळ मांडी घालून बसला. "किल्ली मी देतो," तो म्हणाला. "तू डबे जोड."

मी मुकाट्याने डबे जोडले. गाडी खडखडत, सावकाश फिरू लागली. फराळाची ताटे घेऊन ही दारात कधीची उभी होती, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.