फी भरायची तारीख शिष्यवृत्तीसाठी थांबत नाही

सोलापूरकरहो,

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू आहेत. यादीत नाव लागलं की पैसे भरायला मोजकेच दिवस मिळतात. शिष्यवृत्ती खात्यावर यायला मात्र कित्येक महिने जातात. आपल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांची मुलं गळतात ती या मधल्या काळात. मार्क कमी पडले म्हणून नव्हे.

योजना आहेत. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार मंत्रालयाकडून पदवीसाठी वर्षाला ६,००० आणि इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना २५,००० रुपये मिळतात. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ आहे. पण खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास? आणि अर्ज भरणार कोण? आईच्या विडी कार्डावर नाव एक, आधारवर दुसरंच. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला. घरात तेलुगू किंवा कन्नड, अर्ज मराठी-इंग्रजीत. कुंभारीच्या विडी कामगार घरकुलातली बाई दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहिली, की त्या दिवसाच्या विड्या राहिल्या आणि मजुरीही गेली.

म्हणून आधी पैसे मागतो, आणि ते याच आठवड्यात हवेत. दयानंद, संगमेश्वर, वालचंद, जिथं तुम्ही शिकलात तिथं जा. कोणाची फी अडली आहे ते प्राचार्यांना विचारा आणि थेट कॉलेजात भरा. पावती विद्यार्थ्याच्या नावानं घ्या. चेक देतानाचा फोटो मात्र नको. त्या पोराला उद्या त्याच वर्गात बसायचं असतं. उत्सव मंडळांनाही सांगणं आहे: एका मिरवणुकीच्या डॉल्बीत किती जणांची फी बसते, याचा हिशेब एकदा मांडाच. (आवाज कमी झाल्याची तक्रार कोणी करणार नाही.)

पैशाइतकाच तुमचा वेळ हवा. निवृत्त शिक्षक, बँकवाले आणि विशेषतः तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून, तुम्ही या. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. एकेका विद्यार्थ्याचा अर्ज शेवटपर्यंत पाहा, आणि मग तीन वर्षं त्याची चौकशी करत राहा. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागेल तेव्हा तर नक्की फोन करा. मराठी, तेलुगू माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीच्या धक्क्यानं तिथंच अडखळतात. विषय राहून केटी लागली की घरी सांगत नाहीत, आणि एक दिवस कॉलेजला येणंच बंद करतात. मुलांना खोली आणि जेवणाबरोबर जाणत्या माणसांची सोबतही लागते, हे ओळखून पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून काम करते आहे. आपल्याकडं निदान ही सोबत तरी सुरू होऊ द्या.

उद्या ऑफिस उघडताच तुमच्या कॉलेजला फोन लावा आणि पहिल्यांदा एवढंच विचारा: फी भरायची शेवटची तारीख कुठली, आणि अजून किती जणांची बाकी आहे?