मुलांची थेरपी आणि आयुष्मान कार्ड : काय मिळतं, काय नाही?

दहावी-बारावीतलं मूल गप्प गप्प राहतं, शाळा टाळतं, रात्र रात्र जागतं. डॉक्टर म्हणतात, "आठवड्यातून दोनदा थेरपी लागेल, काही महिने तरी." लगेच घरात प्रश्न येतो, आपलं आयुष्मान कार्ड चालेल का?

उत्तर आहे, अर्धं हो, अर्धं नाही.

आधी 'हो' पाहू. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मानसिक आजारासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर तेही त्यात येतं. आजार जुना असला तरी अडत नाही.

आता 'नाही'. हे कार्ड दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, ओपीडीसाठी नाही. आणि किशोरवयीन मुलांची बहुतेक थेरपी ओपीडीतच होते, समोरासमोर बसून, बोलून.

मग खर्च वाचवायला मुलाला दाखलच करावं का? मुळीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला फक्त अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येतं. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत लागते. घर, शाळा, मित्र न सोडता बरं होता येत असेल, तर तेच चांगलं.

त्यासाठी हे मार्ग लक्षात ठेवा :

• टेली मानस, १४४१६ : फोन मोफत, २४ तास. मराठीतही बोलता येतं.

• जिल्हा रुग्णालय : मानसोपचार ओपीडीची चौकशी करा. १० ते १९ वयोगटासाठी सरकारी किशोर आरोग्य क्लिनिकही असतात. महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री' क्लिनिक म्हणतात.

• दाखल करायची वेळ आलीच, तर : रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला आधी विचारा, किंवा १४५५५ वर फोन करा.

• खासगी पॉलिसी असेल, तर : कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पण ओपीडीचा खर्च मिळतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

एक मात्र विसरू नका. मूल जीव देण्याचं बोललं, स्वतःला इजा करू लागलं, तर कार्ड शोधत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात तातडीने न्या. कागदपत्रं मागून कोणीतरी आणून देईल.