चाल मंदावली, तर पहिलं कुणाला कळावं?

म्हातारपणातला अशक्तपणा एका रात्रीत येत नाही. आधी जिना टाळला जातो, मग बाजाराची पिशवी हलकी होते, मग ‘ऊन फार आहे’ म्हणत संध्याकाळचा फेरा सुटतो. रोज एका घरात राहणाऱ्यांच्याही हे लक्षात येत नाही. मग इथे सिंगापुरात बसून पुण्याला, नागपूरला व्हिडिओ कॉल लावणाऱ्या आपल्याला कुठून कळणार? कॉलमध्ये चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत.

अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली या अवस्थेच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, कमी झालेली मुठीची ताकद, मंदावलेली चाल आणि एकूणच कमी झालेली हालचाल. तीन खुणा दिसल्या की माणूस ‘फ्रेल’, एक-दोन दिसल्या तर तो उंबरठ्यावर. आणि तिथून माघारी फिरता येतं. सिंगापुरातल्याच 246 ज्येष्ठांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पोषक आहार, काहींना व्यायाम, काहींना बुद्धीला चालना देणारे उपक्रम, काहींना हे तिन्ही, असं सहा महिने दिलं गेलं. या सगळ्या गटांत सुधारलेल्यांचं प्रमाण काहीच वेगळं न मिळालेल्यांपेक्षा जास्त निघालं.

लवकर कळण्याला एवढं मोल असेल, तर शहराच्या यंत्रणेने हे टिपायलाच हवं, असं मी म्हणेन. युरोपीय संघाच्या मदतीने झालेल्या ‘सिटीफॉरएज’ प्रकल्पात अथेन्स, बर्मिंगहॅम, लेच्चे, माद्रिद आणि माँपेलिए यांच्या जोडीला सिंगापूरही होतं. घरातल्या आणि शहरातल्या वावराच्या नोंदींवरून शरीराची आणि स्मृतीची घसरण वेळेत ओळखायची, अशी ती कल्पना होती.

माझा विरोध मोजण्याला नाही, मोजलेलं कुठे जातं त्याला आहे. बहुतेक योजनांचा ओघ ठरलेला असतो: सेन्सरकडून केंद्राकडे, केंद्राकडून मुलाच्या फोनवर. ज्या आजोबांची पावलं मोजली, त्यांना सगळ्यांत शेवटी कळतं, तेही ‘बाबा, आता एकटे बाहेर पडू नका’ या वाक्यातून. अशक्तपणाच्या वाटेवर असलेल्या माणसाला घरात बसवणं हा त्याला आणखी अशक्त करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आपल्या प्रेमापोटीच हे घडतं, म्हणून ते अधिक सांभाळायला हवं.

शिवाय आकड्यांचा अर्थ त्या माणसालाच विचारावा लागतो. श्रावणात आजींचं वजन उतरतं. दिवाळीआधीचा आठवडा त्या चकल्या-करंज्यांत असतात, पावलं निम्मी होतात. नातवाच्या परीक्षेत संध्याकाळी बाहेर पडणं होत नाही. यंत्राला या सगळ्यात घसरण दिसेल. उलट रात्री नुसत्या दहीभातावर भागवणाऱ्या, उसळ-वरण मागे टाकलेल्या माणसाचा स्नायू झिजतोय, हे दारावरच्या सेन्सरला उमगणार नाही. त्यासाठी समोर बसून ‘काल काय जेवलात?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं.

विश्वासाचा प्रश्न तर आपण इथे अनुभवला आहे. कोविडच्या काळातल्या ‘ट्रेसटुगेदर’ची माहिती केवळ साथीतला संपर्क शोधण्यासाठी, असं आधी सांगितलं गेलं, पण गुन्ह्याच्या तपासात पोलीसही ती मागू शकतात, हे जानेवारी 2021 मध्ये संसदेत स्पष्ट झालं. पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित झाला, हे चांगलंच झालं. पण ती मर्यादा पहिल्या दिवशी हवी होती. म्हाताऱ्या माणसाच्या चालीची नोंद उद्या विमा कंपनीने किंवा घरमालकाने मागितली तर काय, याचं उत्तर सेन्सर बसवण्याआधी कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

माणसावर पाळत न ठेवता त्याला मदत करणं जमू शकतं, याचा पुरावा आपल्या रस्त्यांवरच आहे. 2009 पासून इथल्या निवडक सिग्नलवर ‘ग्रीन मॅन प्लस’ आहे. ज्येष्ठाने आपलं सवलत कार्ड टेकवलं की रस्त्याच्या रुंदीनुसार 3 ते 13 सेकंद जास्त मिळतात. ‘तुमची चाल का मंदावली?’ असं कुणी विचारत नाही. ज्येष्ठांसाठी आखलेल्या ‘सिल्व्हर झोन’मध्ये रस्त्याच्या मधोमध थांबायला जागा आहे, रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. इंग्लंडमधल्या 2012 च्या एका अभ्यासात 65 वर्षांवरच्या बहुसंख्य लोकांची चाल सिग्नलने गृहीत धरलेल्या सेकंदाला 1.2 मीटर या वेगापेक्षा कमी भरली. मग दुरुस्त कुणाला करायचं, माणसाला की सिग्नलला? चालीच्या नोंदी नावं काढून एकत्र पाहिल्या, तर कुठे बाक हवा, कुठे हिरवा दिवा लवकर जातो, हे शहराला कळेल. माझ्या मते हाच त्यांचा पहिला उपयोग असावा. आणि हो, ते सवलत कार्ड नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतं. व्हिसावर महिनोन्‌महिने आपल्याकडे राहायला येणाऱ्या आईबाबांना ते जादा सेकंद मिळत नाहीत. आपल्या इथल्या मंडळाने हे संबंधित खात्याकडे लेखी मांडावं.

दुसरं काम आपल्याच हातातलं आहे. ज्येष्ठांच्या पुढच्या मेळाव्यात एक टेबल, एक घड्याळ आणि जमिनीवर आखलेले 6 मीटर एवढं पुरे. स्नायूंची झीज ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञ गटाने 2019 मध्ये दिलेले निकष सोपे आहेत: चाल सेकंदाला 1 मीटरपेक्षा कमी, किंवा हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठायला 12 सेकंद वा जास्त, तर डॉक्टरांना दाखवावं. निकालाची चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात द्यायची. मुलाला दाखवायची की नाही, ते आजी-आजोबा ठरवतील.