चार मीटरांत मावलेला संसार

दसरा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी मिक्सर कोणता घ्यावा, घरातले कुलूप कसे असावे, असले प्रश्न विचारणारे वाचक दिवाळीच्या तोंडावर एकदम मोठ्या खरेदीला हात घालतात. गेली काही वर्षे त्यांतला एक प्रश्न ठरलेला आहे. "पाडव्याला गाडी घरी आणायची आहे. आम्ही चौघे, शिवाय आईवडील आमच्याजवळ असतात. जो तो म्हणतो, उंच गाडी घ्या. घ्यावी काय?"

'उंच गाडी' हा शब्द मला फार आवडतो. कंपन्या तिला 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. घरोघरच्या मंडळींनी मात्र तिचे बारसे आपल्या पद्धतीने उरकून टाकले आहे. आणि नाव अगदी योग्य आहे. कारण या गाडीची लांबी सरकारने ठरवली, रुंदी आपल्या गल्ल्यांनी ठरवली. कंपन्यांच्या हाती मोकळी राहिली ती एक उंचीच! तेव्हा एवढे पैसे आपण नेमके कशाचे मोजतो, हे आज जरा निवांतपणे पाहू.

आमच्या लहानपणी मध्यमवर्गीयाची मोटार म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, नाहीतर अँबॅसिडर. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल तो रंग गोड मानून घ्यायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि शाळामास्तर व बँकेतले कारकूनही मोटारीची स्वप्ने पाहू लागले. उंच गाडी त्या काळीही होती, पण ती आपली नव्हती. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली होती. ती जीप कलेक्टरसाहेबांची, पाटबंधारे खात्यातल्या इंजिनिअरची आणि निवडणुकीतल्या उमेदवाराची. तिच्यात बसून कुणी बायकोला लग्नकार्याला नेत नसे.

१९९१ मध्ये पुण्याच्या टेल्कोने सिएरा काढली. दिसायला मोठी देखणी, पण बाजूला दरवाजे दोनच. मागे बसायचे तर पुढची खुर्ची दुमडून आत शिरायचे. नऊवारी नेसलेल्या आजीला हे कसे जमावे? १९९४ ची सुमो पडली दणकट. टेल्कोचे कर्तबगार सूत्रधार सुमंत मुळगावकर यांच्या नावातली आद्याक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले होते. वऱ्हाडाला आणि वडापला ती उत्तम, पण सोसायटीच्या फाटकातून वळवताना घाम फुटे. २००२ मध्ये नाशिकची स्कॉर्पिओ आली आणि उंच गाडीला रुबाब आला. मात्र किंमत आणि आकार, दोन्ही आपल्या आवाक्याबाहेरचे. या गाड्यांचा सांगाडा ट्रकसारखा. खाली शिडीच्या आकाराची लोखंडी चौकट, तिच्यावर बसवलेली पेटी. वजन जास्त, तेलाचा खर्च जास्त, आणि खड्ड्यात आदळली की मागच्या माणसाची हाडे खिळखिळी.

मग ही उंची आपल्या दारात आली कशी? गंमत अशी की, ती एखाद्या इंजिनिअरच्या पट्टीने नव्हे, तर अर्थखात्याच्या पट्टीने आली. २००६-०७ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. छोटी कोणती? जिची लांबी चार मीटरांच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. झाले! साऱ्या कंपन्या टेप घेऊन बसल्या. २००९ च्या अखेरीस प्रीमियरने, म्हणजे त्याच पद्मिनीवाल्या कंपनीने, चिंचवडच्या कारखान्यातून 'रिओ' नावाची चार मीटरांच्या आतली उंच गाडी काढली. ती फारशी चालली नाही. महिंद्रने २०१२ मध्ये क्वांटो आणली. तिलाही बाजाराने फारसे जवळ केले नाही. खरी गर्दी झाली ती २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली तेव्हा. पुढे २०२१ मध्ये फोर्डने भारतातल्या बाजारासाठी गाड्या बनवणे थांबवले, पण तोवर वाट पडून गेली होती. २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा, २०१७ मध्ये रांजणगावात बनणारी टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू आणि महिंद्रची एक्सयूव्ही ३००, २०२० मध्ये कियाची सोनेट, २०२१ मध्ये टाटांची पंच. २०२४ साली देशात सर्वांत जास्त खपलेली मोटार कोणती, तर हीच पंच. चाळीस वर्षांपूर्वी मारुती ८०० ने जी जागा पटकावली होती, ती उंच गाडीने घेतली.

ब्रेझा, व्हेन्यू आणि सोनेट यांची लांबी ताडून पाहा. तिघींची ३९९५ मिलिमीटर! जणू एकाच शिंप्याने बेतलेल्या. पाच मिलिमीटर वाढले असते तर कायद्याला चालले असते, पण त्याहून एक जरी जास्त झाला तर कर वाढणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा फरक आणखी ठसठशीत झाला आहे. चार मीटरांच्या आतल्या आणि छोट्या इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी, आणि त्यापलीकडच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण जिला अभिमानाने एसयूव्ही म्हणतो, ती सरकारी दप्तरात 'छोटी मोटार' म्हणूनच नोंदलेली असते.

आणि सरकारचे फारसे चुकत नाही. आजच्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींची कुळी जीपची नाही, साध्या छोट्या मोटारीची आहे. इकोस्पोर्टचा पाया फिएस्टा या मोटारीचा होता. शिडीची चौकट गेली आणि पाया व पेटी एकजीव झाली. ताकद पुढच्या दोन चाकांनाच मिळते; चारी चाकांना ताकद देणारी यंत्रणा या आकारात जवळजवळ नाहीच. काही जाणकार याला फसवणूक म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपल्याला काही नांगरट करायची नाही. ताम्हिणीचा घाट, गावाकडचा कच्चा रस्ता आणि सोसायटीतला अवाढव्य गतिरोधक एवढे पार पडले म्हणजे झाले. जीपचा रुबाब आणि छोट्या मोटारीचा खर्च, असा हा जमाखर्च आहे आणि तो मध्यमवर्गाला पटला आहे.

पण या उंचीचा खरा लाभ मला कळला तो कागदावरून नव्हे, आमच्या आईमुळे. तिचे वय अठ्ठ्याहत्तर आणि दोन्ही गुडघे झिजलेले. दादाच्या जुन्या ठेंगण्या मोटारीत बसायचे म्हणजे आधी विहिरीत उतरल्यासारखे खाली जायचे आणि उतरताना दोघांनी हात धरून वर ओढायचे. हळूहळू तिचे बाहेर पडणे बंद झाले. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," असे ती म्हणायची आणि आम्हीही ते खरे मानायचो. राजापूरजवळच्या तिच्या माहेरी ती तीन वर्षांत गेली नव्हती.

दादाने उंच गाडी घ्यायचे ठरवले आणि एका रविवारी आम्ही सगळे दुकानात गेलो. विक्रेता मोठा चुणचुणीत होता. त्याने दादाला सुकाणूपाशी बसवले, पडदा दाखवला, छताची काच उघडून दाखवली. पुतणी हरखून गेली. आई कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाण्याचा पेला धरून बसली होती. तिच्यासाठी गाडीचे दार उघडावे असे कुणाच्याच मनात आले नाही. शेवटी वहिनी उठल्या, मागचे दार उघडले आणि म्हणाल्या, "आई, जरा बसून बघता?" आई काठी टेकत आली. बाक तिच्या कमरेच्या उंचीला होता. ती नुसती पाठमोरी झाली, टेकली आणि पाय आत घेतले. कुणाचा हात लागला नाही. क्षणभर ती काही बोलली नाही. मग दादाला म्हणाली, "काय रे, इथून राजापूर किती तास?"

छताच्या काचेचे बोलणे तिथेच संपले. त्या दिवसापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो. गाडी चालवणारा पुढे बसतो, पण कुटुंब मागे बसते. म्हणून गाडी मागच्या बाकावर बसून विकत घ्यावी.

मागे बसले की कितीतरी गोष्टी आपोआप कळतात. चार मीटरांत इंजिन, दोन रांगा आणि सामान कोंबायचे, तर कुठेतरी कसर निघतेच. बाकावर तिघांना खांदे मोकळे ठेवून बसता येते का? मधल्या माणसाच्या पायांत उंचवटा येतो का? खिडकीची कड मुलाच्या डोळ्यांच्या वर जाते का? गेली तर घाटात त्याला हमखास ओकारी होणार. मागची डिकी उघडून गणपतीच्या वेळची बोचकी डोळ्यांसमोर आणा. सीएनजी घेणार असाल तर त्या टाकीने किती जागा खाल्ली तेही पाहा.

तिथेच बसून पट्टे शोधा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. उंच बसले की माणसाला उगाच सुरक्षित वाटते. पण उंची म्हणजे सुरक्षितता नव्हे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारी आदळून पाहिल्या, तेव्हा मोठ्या माणसांच्या बचावासाठी एकीलाही तारा मिळाला नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीचा तो पहिलाच मान. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप परीक्षा सुरू झाली. तिच्यात मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे. विक्रेता पहिले सांगतो. दुसरे आपण विचारावे.

आणि ताऱ्यांचा उपयोग पट्टा लावणाऱ्यालाच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ती गाडी काही साधीसुधी नव्हती. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा असा नियम आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनात बांधून बसवणेही कायद्याने आवश्यक आहे. तरी आपल्याकडे तान्हे मूल आईच्या मांडीवरच असते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली, तर दहा किलोचे बाळ क्षणभर शंभर-दीडशे किलोंचे होते. कोणत्या आईचे हात ते धरून ठेवतील? छताच्या काचेला जे पैसे पडतात, त्यांतला थोडा भाग मुलाच्या आसनाकडे वळवला, तर तो दिवाळीचा खरा खर्च.

उंचीबद्दल आणखी दोन सावधगिरीचे शब्द. जमिनीपासूनचे अंतर १८०-२०० मिलिमीटर छापलेले असते, ते बहुधा रिकाम्या गाडीचे. पाच माणसे आणि सामान भरले की ते कमी होते. आणि उंच गाडी म्हणजे होडी नव्हे. पावसाच्या पाण्यात इंजिन बंद पडले तर किल्ली पुन्हा फिरवू नये. आत शिरलेले पाणी इंजिन मोडून टाकते, आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा धरले जात नाही. दुसरे असे की, यांत्रिक पार्किंग असलेल्या सोसायटीत आधी आपल्या खणाची उंची मोजा. या गाड्या सोळाशे मिलिमीटरच्या आसपास किंवा वर जातात. गाडी दारात आणि जागा हवेत, असे व्हायला नको.

हिशेबही पुरा करावा. दुकानातल्या पाटीवरची किंमत म्हणजे नुसता वरण-भात. रस्त्याचा कर, विमा आणि बाकीची ताटे नंतर वाढली जातात. सात वर्षांचे कर्ज काढले, तर दहावीतले मूल इंजिनिअर होऊन नोकरीला लागेपर्यंत हप्ता चालू राहतो. वरच्या दर्जाच्या गाडीसाठी आणखी लाखभर मोजावेसे वाटले, तर त्या लाखात मागच्या बाकाच्या वाट्याला काय येते, एवढे एकदा विचारावे. उत्तर 'पडदा आणि दिवे' असे असेल तर खालच्या दर्जाची गाडी घेऊन सुखाने झोपावे.

तेव्हा पत्रे पाठवणाऱ्या साऱ्या वाचकांना माझे उत्तर असे: घ्यावी. ऐपत असेल, खणात मावत असेल आणि घरात गुडघे दुखणारे माणूस असेल, तर जरूर घ्यावी. मात्र दुकानात एकट्याने जाऊ नये. घरातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान माणसाला बरोबर न्यावे आणि त्यांना आधी बसवावे. त्या दोघांचा होकार आला की बाकीच्यांनी फार चर्चा करू नये. रंग मात्र मुलांना ठरवू द्यावा; नंबर लावून मिळेल तो रंग घेण्याचे दिवस आता गेले आहेत.

दीपावली आपणां सर्वांना सुखाची जावो, आणि पट्टे लावून प्रवास होवो.